भाभा अणुसंशोधन केंद्राची मुलाखत: फळ्यासमोरचा तासभर नेमका कशासाठी असतो

मुलाखतीचं बोलावणं आलं की आमच्या कॉलेजमधली मुलं सगळ्यात आधी बेरीज मांडतात. मागे गेट, म्हणजे एमटेक प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा, दिलेला एक जण लॅबमध्ये आला आणि म्हणाला, "सर, गेटचा स्कोअर चांगला आहे. इंटरव्ह्यू मध्यम गेला तरी भरून निघेल ना?" मी त्याला विचारलं, "कशात भरून निघेल?" तो गप्प झाला. त्याच्या डोक्यात यूपीएससीचं गणित होतं. तिथे मुख्य परीक्षेचे १७५० गुण, मुलाखतीचे २७५, दोन्ही मिळून २०२५, आणि त्यावर यादी लागते. लेखीत पुढे असलेला उमेदवार मुलाखतीत थोडा मागे पडला तरी तरून जाऊ शकतो.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, म्हणजे बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलची निवड तशी चालत नाही. गेटचा स्कोअर किंवा त्यांच्या ऑनलाइन परीक्षेतले गुण तुम्हाला मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात, आणि त्यांचं काम तिथेच संपतं. पुढची यादी फक्त मुलाखतीच्या गुणांवर लागते. देशात पहिल्या पन्नासात आलेला मुलगा आणि कट-ऑफवर कसाबसा पोचलेली मुलगी त्या खोलीत शिरताना अगदी बरोबरीला असतात. हे नीट समजलं नाही तर तयारीची दिशाच चुकते, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे. मी मेकॅनिकल शिकवतो, त्यामुळे उदाहरणं त्या ब्रँचची येतील. इलेक्ट्रिकल, केमिकल, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्यांनी आपापली उदाहरणं घालून वाचावं.

आधी ही भरती म्हणजे काय ते थोडक्यात. या योजनेला ओसीईएस म्हणतात. इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी एका वर्षाच्या प्रशिक्षणासाठी घेतले जातात. ते वर्ष यशस्वीपणे पार पाडणारे अणुऊर्जा विभागात सायंटिफिक ऑफिसर म्हणून रुजू होतात. पदवीला किमान ६० टक्के लागतात. खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २६ वर्षं आहे, इतर मागासवर्गीयांसाठी २९, अनुसूचित जाती-जमातींसाठी ३१. ही मर्यादा कमी असल्यामुळे हातात प्रयत्न मोजकेच राहतात, आणि शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज केलेला बरा. अर्जाचं शुल्क ५०० रुपये आहे, पण मुलींना ते भरावं लागत नाही. आमच्याकडच्या कितीतरी मुलींना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. ऑनलाइन परीक्षा दोन तासांची, १०० प्रश्नांची. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ गुण वजा. गेटचा स्कोअर नसेल तर ही दुसरी वाट आहे, आणि दोन्ही वाटांनी प्रयत्न करता येतो. कोणत्या वर्षांचे गेट स्कोअर चालतील ते त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेलं असतं.

हे सगळं जाहिरातीत वाचायला मिळतं. मुलांना जे कुठेच नीट सापडत नाही ते यापुढचं.

अणूबद्दल विचारतच नाहीत

पहिला गैरसमज असा, की अणुसंशोधन केंद्र आहे म्हणजे अणुभट्टीबद्दल विचारणार. मुलं युरेनियमच्या समस्थानिकांचे तक्ते पाठ करून येतात, भारताचा तीन टप्प्यांचा अणुकार्यक्रम घोकतात. सामान्य ज्ञान म्हणून ते छान आहे. मुलाखतीत मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

याचं कारण या ट्रेनिंग स्कूलच्या जन्मात आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. तोपर्यंत अणुतंत्रज्ञान शिकवून तयार केलेली माणसं आपल्याकडे जवळजवळ नव्हतीच. होमी भाभांनी माणसं तयार होण्याची वाट पाहिली नाही. १९५७ मध्ये त्यांनी ट्रेनिंग स्कूल काढलं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, भौतिक, रसायन अशा निरनिराळ्या विषयांची ताजी मुलं घ्यायची आणि अणूचं जे काही शिकवायचं ते आपणच शिकवायचं, असा तो विचार होता. तो आजही तसाच चालू आहे. म्हणजे अणुविज्ञान शिकवायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. तुमच्याकडून त्यांना एवढंच हवं असतं, की ज्या विषयाची पदवी तुमच्या हातात आहे तो विषय तुम्हाला खरोखर कळलेला असावा, आणि नवं शिकायला लागणारं डोकं शाबूत असावं.

आपल्या मराठी मुलांसमोर डॉ. अनिल काकोडकरांचं उदाहरण मी नेहमी ठेवतो. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९६३ मध्ये ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि याच ट्रेनिंग स्कूलमधून पुढे गेले. १९९६ मध्ये ते बीएआरसीचे संचालक झाले, आणि २००० ते २००९ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा तेही एक मेकॅनिकल इंजिनिअरच होते.

फळ्यासमोर काय घडतं

खोलीत चार-पाच जण बसलेले असतात, कधी जास्त. बहुतेक सगळे शास्त्रज्ञ किंवा अभियंते. आधी कागदपत्रं तपासून झालेली असतात. आपल्या आवडीचे विषय सांगावे लागतात, आणि प्रश्नांना तिथूनच सुरुवात होते. "स्वतःबद्दल सांगा", "पाच वर्षांनी कुठे असाल" असले प्रश्न क्वचितच येतात. फळा किंवा कागद समोर असतो. अर्धा तास, पाऊण तास, कधी तासाहून जास्त वेळ फक्त विषय चालतो.

जाऊन आलेली मुलं मला जे सांगतात त्यावरून मी एक प्रश्नमालिका तयार केली आहे आणि सरावाच्या मुलाखतीत ती वापरतो. हेच प्रश्न तुम्हाला विचारतील असं अजिबात नाही. पण चर्चा कशी उतरत जाते ते यातून दिसेल.

मुलानं एसओएम, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, हा विषय सांगितला आहे. मी विचारतो, "शेतातली पीव्हीसीची पाइपलाइन दाब वाढून फुटते तेव्हा चीर कशी जाते? लांबीला धरून उभी, की गोलाकार आडवी?" शेतकऱ्याच्या घरातला मुलगा लगेच सांगतो, "उभी." बरोबर. त्यानं ती पाहिलेली असते.

"का?"

इथे बहुतेक जण सूत्र म्हणतात. घेराच्या दिशेतला ताण पीडी भागिले दोन टी, लांबीच्या दिशेतला पीडी भागिले चार टी (पी म्हणजे दाब, डी म्हणजे व्यास, टी म्हणजे भिंतीची जाडी), पहिला दुप्पट, म्हणून चीर उभी. उत्तर बरोबर आहे. लेखी परीक्षेत पूर्ण गुण. मुलाखत मात्र खरी इथून सुरू होते.

"दुप्पट कुठून आला? फळ्यावर दाखव."

आता पाइप मनानं कापावा लागतो. उभा कापला तर आतला दाब व्यास गुणिले लांबी एवढ्या क्षेत्रावर ढकलतो, आणि त्याला धरून ठेवायला दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या दोन पट्ट्या असतात. आडवा कापला तर दाब गोल तोंडावर ढकलतो आणि सगळ्या घेराची भिंत त्याला धरते. दोन्हीकडे बल बरोबर बल मांडलं की दोन ओळींत दुप्पट हाताला लागतो. ज्याला हे करता येतं त्याला सूत्र पाठ नसलं तरी चालतं. ज्यानं फक्त सूत्र पाठ केलं आहे तो इथे थांबतो.

"बरं. आता पाइपची दोन्ही टोकं उघडी आहेत, झाकण नाही. आत दाब तोच आहे, असं समज. लांबीच्या दिशेतला ताण किती?"

माझ्याकडे सरावाला येणारी निम्मी मुलं इथे पुन्हा पीडी भागिले चार टी म्हणतात. पण तो ताण येतो झाकणावर बसणाऱ्या दाबामुळे. झाकणच नसेल तर भिंतीला लांबीच्या दिशेनं ओढणार कोण? उत्तर शून्य. चार वर्षांत हे कुणी त्यांना विचारलेलं नसतं. विचारलं की चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसतो, मग क्षणभरानं उजेड पडतो. तो क्षणभर मला फार मोलाचा वाटतो, आणि माझी खात्री आहे की पलीकडे बसलेली माणसंही त्याचीच वाट पाहत असतात.

मग गॅसच्या टँकरची टोकं सपाट का नसतात, गोलाकार का असतात? तिथून भिंत जाड झाली तर हे सूत्र चालेल का? तिथून भिंतीत आधीच एक बारीक भेग असेल तर? असं एकेक पायरी खाली.

यातला शेवटचा प्रश्न हवेतला नाही. आपल्या देशातल्या बहुतेक अणुवीजकेंद्रांमध्ये जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्या आहेत. त्यांत इंधन आडव्या प्रेशर ट्यूबमध्ये ठेवलेलं असतं. २२० मेगावॉटच्या अणुभट्टीत अशा ३०६ नळ्या, ७०० मेगावॉटच्या अणुभट्टीत ३९२. प्रत्येक नळीतून वातावरणाच्या जवळजवळ शंभरपट दाबाखाली तापलेलं जड पाणी वाहतं. त्या नळीला भेग पडली तर ती किती वाढेल, फुटण्याआधी गळती लागून आपल्याला कळेल का, यावर माणसं आयुष्यभर काम करतात. शेतातल्या पाइपचा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच कुळातले आहेत.

दुसरं उदाहरण उष्णतेचं. उकडलेला बटाटा सोलताना साल हाताला सोसते, पण फोडला की आतला भाग बोट भाजतो. तेवढ्याच वेळापूर्वी गरम पाण्यातून काढलेला स्टीलचा चमचा मात्र सगळीकडे सारखाच निवलेला असतो. का? हीट ट्रान्सफर शिकलेला मुलगा इथे "बायो नंबर" म्हणतो. ठीक. पण बायो नंबर म्हणजे काय हे तो शब्दांत सांगू शकला पाहिजे. आतून पृष्ठभागापर्यंत उष्णता यायला होणारा अडथळा आणि पृष्ठभागावरून बाहेर जायला होणारा अडथळा, यांची ती तुलना आहे. बटाट्यात आतला अडथळा मोठा, चमच्यात नगण्य. आता बटाट्याच्या जागी युरेनियम ऑक्साइडची गोळी ठेवा. ती सिरॅमिकसारखी असते, स्टीलच्या मानानं तिच्यातून उष्णता फार कमी वाहते, आणि शिवाय उष्णता तिच्या पोटातच तयार होत असते. म्हणून बाहेरून वाहणारं पाणी ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना गोळीचा मध्यभाग १००० अंशांच्याही वर असतो. बटाटा नीट समजलेल्या माणसाला ही गोळी समजावून सांगता येते. निवड करणाऱ्यांना तो माणूस हवा असतो.

"माहीत नाही" कुठे म्हणायचं

प्रत्येक पायरीवर "का" विचारत गेलं की कोणीही केव्हातरी अडतोच. मुलं बाहेर येऊन म्हणतात, "सर, शेवटी काहीच येत नव्हतं, वाट लागली." मी त्यांना विचारतो, "कितव्या पायरीला अडलास?" कारण पॅनलला तळ शोधायचा असतो. तुमची समज कुठपर्यंत आहे हे मोजायचं, तर ती संपते तिथपर्यंत जावंच लागतं. शेवटचे प्रश्न आले नाहीत याचा अर्थ मुलाखत वाईट गेली असा होत नाही. पुष्कळदा ती दूरवर गेली एवढाच त्याचा अर्थ असतो.

पण अडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक जण म्हणतो, "आठवत नाही, सर." दुसरी म्हणते, "मला सूत्र आठवत नाही, पण लांबी वाढली तर हे वाढायला हवं, म्हणून सूत्रात लांबी वरती, अंशात असणार. प्रयत्न करू का?" दुसरीला बहुतेक वेळा एखादी सूचना मिळते. ती सूचना धरून पुढे जाता येतं का, हेही पाहिलं जातं. आणि जिथे खरंच काही सुचत नाही तिथे सरळ सांगावं. थापा मारू नयेत. समोरच्यानं त्या विषयात वीस-पंचवीस वर्षं घालवलेली असतात, त्याला दुसऱ्या वाक्याला कळतं. ज्या ठिकाणी चुकीची आकडेवारी खपवणं धोक्याचं आहे, तिथे "मला माहीत नाही" हे स्पष्ट सांगणारा माणूस हवासा वाटणं स्वाभाविक आहे.

म्हणूनच विषय निवडताना प्रामाणिक राहा. "सगळे थर्मो घेतात म्हणून मी थर्मो घेतो" हे मी सरावात दरवर्षी ऐकतो. थर्मोडायनॅमिक्स सोपा वाटतो, कारण त्याची गणितं सोपी असतात. एन्ट्रॉपी म्हणजे काय, हे सूत्राशिवाय सांगायची वेळ आली की घाम फुटतो. मागच्या वर्षी एका मुलीनं टीओएम, म्हणजे थिअरी ऑफ मशिन्स, निवडला. मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं. पण तिच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, वळणावर काय करतं हे ती हातवारे करून, लहान मुलालाही कळेल असं सांगायची. ज्या विषयावर तुम्ही घरी जेवताना बोलू शकता तो विषय घ्या.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचंही तेच. चार जणांच्या ग्रुपमध्ये एकानं केलेला आणि तिघांनी बाइंडिंग केलेला प्रोजेक्ट असेल, तर अहवालातला प्रत्येक आकडा कुठून आला हे त्या एकाकडून आता तरी समजून घ्या. त्यावर प्रश्न आले की सुटायला वाट नसते.

आपल्या मुलांना इंग्रजीची फार धास्ती असते. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कॉलेजांतून जाणाऱ्या मुलांच्या मनात हे ओझं विषयाच्या ओझ्याहून जड असतं. जाऊन आलेल्यांचा अनुभव असा, की अडखळत बोललं तरी आकृती बरोबर असेल तर चर्चा थांबत नाही. फळ्यावर काढलेला फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवर लागणाऱ्या बलांची आकृती, सगळ्यांना सारखाच वाचता येतो. इंग्रजी सुधारायचं तर अवश्य सुधारा, पण उरलेल्या महिन्याभरात इंग्रजी संभाषणाचा क्लास लावण्यापेक्षा एसओएमचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलेलं जास्त कामी येईल. "अपेक्षित ५०० प्रश्न" अशा नावानं फिरणाऱ्या फाइल्सबद्दलही माझं हेच मत आहे. त्या वाचून उत्तरं मिळतात. पुढच्या "का"ला त्या पुरत नाहीत.

तयारीचा मला सगळ्यात खात्रीचा वाटलेला मार्ग जुनाच आहे. तिघांनी रिकामी वर्गखोली आणि खडू घ्यावा. एकानं समजावायचं, दुसऱ्यानं फक्त "का" विचारायचं, तिसऱ्यानं कुठे अडलं ते वहीत लिहायचं. संध्याकाळी ती वही घेऊन पुस्तक उघडायचं. पहिले चार दिवस फार चिडचिड होते. आठव्या दिवशी पुस्तक वेगळंच दिसायला लागतं.

निवड झाल्यावर

मुलाखतीनंतर वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते. मग प्रशिक्षणाचं वर्ष. मुंबईत मानखुर्दजवळच्या अणुशक्तीनगरात होस्टेल आहे. याशिवाय कल्पक्कम, इंदूर आणि हैदराबाद इथेही ट्रेनिंग स्कूल आहेत. वर्षभर वर्ग आणि एकामागून एक परीक्षा चालतात. अलीकडच्या जाहिरातींत या काळातलं मानधन महिना ७४,००० रुपये दिलेलं आहे. "नोकरी लागली, आता अभ्यास संपला" असं समजून गेलेल्यांना पहिले दोन महिने जड जातात. किमान ५० टक्के मिळवावेच लागतात, त्याखाली गेलं तर नेमणूक होत नाही.

पास झालेल्यांना सायंटिफिक ऑफिसर 'सी' हे पद मिळतं. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ते दहाव्या पातळीवरचं, मूळ वेतन ५६,१०० रुपये, शिवाय भत्ते. पुढे ठरावीक काम केलं तर होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची एमटेकही करता येते. ज्यांना त्याच वर्षी आयआयटीत एमटेकला प्रवेश मिळतो त्यांच्यासाठी डीजीएफएस नावाची दोन वर्षांची फेलोशिप आहे. अर्ज करतानाच ती वाचून ठेवावी, कारण मुलाखत एकच असते.

पालक मला बॉन्डबद्दल खोदून विचारतात. पोराला कुठे अडकवून तर ठेवणार नाहीत ना, अशी त्यांची काळजी असते. प्रशिक्षणाला जाताना, नंतर किमान तीन वर्षं विभागात काम करेन असं लिहून द्यावं लागतं. सरकारनं वर्षभर शिकवायचं, वर मानधन द्यायचं, आणि माणसानं लगेच निघून जायचं, असं होऊ नये म्हणून ते आहे. मला ते रास्त वाटतं. मात्र नेमणूक मुंबईतच मिळेल असं धरून चालू नका. ती बीएआरसीत होऊ शकते, कल्पक्कमला, इंदूरला, कोलकात्याला होऊ शकते, एखाद्या अणुवीजकेंद्रावरही होऊ शकते. तारापूर पालघर जिल्ह्यात आहे, पण कैगा कर्नाटकात आहे आणि रावतभाटा राजस्थानात. घरापासून दूर राहायची तयारी आहे का, हे घरच्यांसोबत बसून अर्ज भरायच्या आधीच बोलून घ्या.